इफली की ट्रम्पिंग्टन? ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या हद्दीतली दोन जुनी गावं

लंडनहून एका दिवसात ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज करायचं ठरवलं, की कॉलेजं पाहून झाल्यावर दोन-तीन तास हाताशी राहतात. तेवढ्यात शहराने सामावून घेतलेलं एखादं जुनं गाव आरामात पाहून होतं. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला इफली आहे, केंब्रिजच्या दक्षिणेला ट्रम्पिंग्टन. दोन्ही गावं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरात आली. ट्रम्पिंग्टनचं वर्ष १९३४. इफलीचं गावपण अजून टिकून आहे, ट्रम्पिंग्टनमध्ये मात्र ते शोधावं लागतं. पहिल्यांदाच जात असाल तर इफली निवडा.

इफलीला पायीच जावं. ऑक्सफर्डमधल्या फॉली ब्रिज या पुलापासून थेम्सच्या पश्चिम काठाने सुमारे अडीच किलोमीटर सपाट वाट आहे. रमतगमत गेलात तरी पाऊण तास पुरतो. या वाटेवर सायकली भरपूर असतात. बोट वल्हवणाऱ्यांचे प्रशिक्षकही नदीकडे बघत सायकल हाणतात, त्यामुळे मुलांना आतल्या बाजूने चालवा. इफली लॉकवरून (बोटींना वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाजांवरून) नदी ओलांडली की थोडा चढ, आणि वर गाव. लॉकवरची वाट अरुंद आहे. बाबागाडी किंवा व्हीलचेअर असेल तर शहरातून रोझ हिलकडे जाणारी बस घ्या, इफली टर्नला उतरा आणि चर्च वे या रस्त्याने दहा-पंधरा मिनिटं चाला. हिवाळ्यात नदी फुगली की काठची वाट पाण्याखाली जाते, तेव्हाही बसच बरी.

इथे जायचं ते सेंट मेरी चर्चसाठी. ११६०च्या सुमाराचं, नॉर्मन शैलीचं (गोल कमानी, जाड भिंती) हे बांधकाम फारशी मोडतोड न होता उभं आहे. पश्चिमेच्या दारावर नागमोडी नक्षीचे पट्टे आणि कमानीच्या गोल कडेला चोचीने धरून बसलेली पक्ष्यांची डोकी आहेत. बाहेरच्या कमानीवर राशिचक्र कोरलंय. कोरीवकाम खोल आहे, पण समोरून सपाट उजेड पडला की ते दिसेनासं होतं. म्हणून दुपार कलल्यावर जा, तिरप्या उन्हात एकेक चोच सुटी दिसते. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो हे लक्षात ठेवून निघा. बरेच जण पश्चिमेच्या दाराचा फोटो काढून परततात. त्यांचं दक्षिणेचं दार राहून जातं, आणि तेच जास्त शाबूत आहे. त्यावर झुंजणारे घोडेस्वार आहेत, सिंहाशी भिडलेला बायबलमधला बलाढ्य सॅमसन आहे. आत काळ्या दगडाचं बाप्तिस्म्याचं पात्र आणि चित्रकार जॉन पायपर यांची रंगीत काचेची खिडकी आहे. तेराव्या शतकात ॲनोरा नावाची बाई या चर्चला लागून कोठडीत, धार्मिक व्रत म्हणून एकांतवासात राहिली होती. दोन्ही दारं आणि आतला भाग नीट पाहायला तासभर हवाच. जेवण शहरातच उरकून या.

परतताना इफली रोडने या. धावपटू रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी चार मिनिटांच्या आत मैल पार केला ते मैदान याच रस्त्यावर आहे.

ट्रम्पिंग्टनला पोहोचणं सोपं. केंब्रिज स्टेशनाहून गायडेड बसवेची (फक्त बसेससाठी बांधलेल्या मार्गावरची) बस थेट ट्रम्पिंग्टन पार्क अँड राइडला येते, गाडी असेल तर तिथेच लावता येते. पण उतरल्यावर वर्दळीचा मुख्य रस्ता आणि भोवती नव्या वसाहती दिसतात. ‘इंग्लिश खेडं’ पाहायला आलेल्यांची निराशा इथेच होते. जुना भाग मुख्य रस्ता सोडून ग्रँचेस्टर रोडला वळल्यावर, चर्चपाशी आहे.

चर्चमध्ये सर रॉजर द ट्रम्पिंग्टन यांच्या थडग्यावर पितळी पत्र्यात कोरलेली आकृती आहे. त्यांचा मृत्यू १२८९चा. साखळ्यांचं चिलखत, पायाशी कुत्रा, आणि ढालीवर कर्णे, म्हणजे ट्रम्पेट! घराण्याच्या नावावरून बेतलेलं हे चिन्ह. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या पितळी स्मृतिपत्रांत याची गणना होते. वाकून, एका बाजूने पाहिलं तर रेषा उठून दिसतात. चर्चच्या दारातून आत जाता येईल की नाही, हे दिवसावर अवलंबून. प्रार्थनेची वेळ टाळा. मुख्य रस्त्यावर शिल्पकार एरिक गिल यांनी घडवलेलं १९२१चं युद्धस्मारकही आहे.

इथलं खरं धन मात्र जमिनीखाली निघालं. नव्या वसाहतीआधीच्या उत्खननात सातव्या शतकातल्या, साधारण सोळा वर्षांच्या मुलीचं दफन सापडलं. तिला पलंगावर ठेवून पुरलं होतं, छातीवर गार्नेट हे लाल रत्न जडवलेला छोटा सोन्याचा क्रूस होता. तो आता शहरातल्या पुरातत्त्व आणि मानववंशशास्त्र संग्रहालयाकडे आहे. ते संग्रहालय वगळून ट्रम्पिंग्टन केलंत तर भेट अर्धवट राहते. पाय चालत असतील तर पुढे ग्रँचेस्टरपर्यंत जा, अंतर दोनेक किलोमीटरच्या आत आहे. ते गाव शहरात आलेलं नाही, त्यामुळे फरक तिथल्या तिथे कळतो.

गवती छपरांची घरंच पाहायची असतील तर या दोन्हींपेक्षा नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या टॉर्की शहराने १९२८मध्ये सामावून घेतलेलं कॉकिंग्टन बरं. तिथला ड्रम इन हा पब जुना वाटतो, पण तो १९३६चा, आणि नवी दिल्ली घडवणाऱ्या एडविन लट्यन्स यांनी आखलेला. फक्त लंडनहून टॉर्कीला तीन तासांहून अधिक लागतात. मुक्काम धरूनच बेत करा.