डेल पॉवरएज आर720: घरी आणावा का?

2012 साली आलेला हा सर्व्हर सेकंडहँड स्वस्तात मिळतो. खरा खर्च पुढे विजेचा. दोन झिऑन प्रोसेसर आणि आठ डिस्क असतील तर काम नसतानाही साधारण 120 वॉट खातो, म्हणजे महिन्याला 86 युनिट. महावितरणचं बिल आज 100 युनिटच्या जवळ असेल तर थेट वरचा स्लॅब लागतो. एक प्रोसेसर काढला की वीज वाचते, पण निम्मे रॅम स्लॉटही बंद पडतात.

झेडएफएससाठी (डिस्क स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टीम) यातलं डिस्क जोडणारं एच710 कार्ड अडचणीचं, ते डिस्क थेट दाखवतच नाही. त्यावर डिस्क जशाच्या तशा दाखवणारं आयटी मोडचं फर्मवेअर टाका. त्याऐवजी वेगळं एचबीए (डिस्क थेट जोडणारं साधं कार्ड) लावलंत तर परकं कार्ड पाहून पंखे जोरात सुटू शकतात, मग आयपीएमआय (सर्व्हर दुरून सांभाळायची सोय) कमांडने आवरा.

व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रावर चालणारे आभासी संगणक) शिकायला जरूर घ्या. नुसते फोटो साठवायला ऑफिसातला जुना आय5 डेस्कटॉप पुरे.