राणी-सहा-चार: थ्री कार्ड पोकरचा नियम काही महिने वापरल्यावर

पणजीला मागच्या खेपेस कॅसिनोत थ्री कार्ड पोकरला (डीलरविरुद्ध तीन पानांचा खेळ) बसलो आणि टेबलावरचं नवं कापड बघून डोकंच फिरलं. 'पेअर प्लस'च्या (आपल्याला जोडी किंवा वरचा हात येईल यावर लावायची वेगळी बेट) तक्त्यात कलरला (तिन्ही पानं एकाच जातीची) एकास ४ मिळायचे, तिथे आता ३ छापलेत. बाकी रकाने जसेच्या तसे: प्युअर सिक्वेन्स (एकाच जातीची ओळीने तीन) ४०, ट्रेल (तीन सारखी) ३०, सिक्वेन्स (ओळीने तीन) ६, जोडी १. डीलर मुलीला विचारलं तर म्हणाली, "सर, नया लेआउट आया है." पिट बॉसला (टेबलांवर देखरेख करणाऱ्याला) बोलावलं. "हाऊस रूल आहे सर, एकाचाच तर फरक आहे," एवढं बोलून तो पुढच्या टेबलाकडे निघून गेला.

त्या एकाचा हिशेब मांडतो. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यातले १,०९६ कलर. म्हणजे साधारण दर विसाव्या डावाला कलर येतो, आणि प्रत्येक वेळी आपल्याला एक पट कमी मिळणार. कलरला ४ असताना पेअर प्लसवर घराचा वाटा (बेटमागे कॅसिनोला सरासरी उरणारा हिस्सा) २.३२ टक्के असतो, ३ केल्यावर तो ७.२८ टक्के होतो. पाचशेच्या बेटमागे दर डावाला जवळपास २५ रुपये जास्त जातात. तासाला चाळीस डाव धरले तरी हजार रुपये! पणजीत तेवढ्यात दोघांचं मासळीचं जेवण होतं. आणि हे सगळं एका छापील आकड्यापायी, तेही कुणी न सांगता.

आता मूळ नियमाबद्दल. अँटे (सुरुवातीची बेट) लावून पानं उचलायची. राणी-सहा-चार किंवा त्याच्या वर असेल तर प्ले (अँटेएवढीच आणखी बेट), खाली असेल तर पॅक (अँटे सोडून पानं टाकायची). वरच्या पानापासून तुलना करत यायचं. राणी-सात-दुर्री खेळायची, राणी-सहा-तीन टाकायची, राणी-पाच-चारही टाकायची. एक्का किंवा राजा असेल तर विचार न करता खेळायचं.

दिवाळीत घरी तिनपत्ती खेळणाऱ्याला इथेच जड जातं. राजा-तीन-दुर्रीवर आपल्याकडे कोण चाल देतो? पण इथे समोर माणूस नाही. डीलर घाबरत नाही, फसवत नाही, त्याचा हात धरला जायला निदान राणी तरी हवी एवढंच. राणी किंवा त्याहून वरचा हात त्याला सुमारे ३० टक्के डावांत येत नाही. तेव्हा अँटेवर एकास एक मिळतो आणि प्लेचे पैसे परत येतात. हलका हात जगतो तो याच ३० टक्क्यांवर. म्हणून तीनपैकी दोन डाव खेळायचेच असतात. घरी पत्त्यांचा कॅट घेऊन रोज संध्याकाळी वाटत बसलो, तेव्हा कुठे हाताला ही सवय लागली. (तिनपत्तीवाल्यांनी एक लक्षात ठेवा: इथे प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर आहे, कारण ट्रेलचे हात ५२ आणि प्युअरचे ४८. एक्का-दोन-तीन ही सगळ्यात लहान सिक्वेन्स.)

सुरुवातीचे काही महिने मी हा नियम ज्याला त्याला पटवत होतो. आता मत थोडं बदललंय. नियम बरोबरच आहे, तो पाळला तर अँटेवर घराचा वाटा ३.३७ टक्के राहतो. पण नुसतं 'राणी असेल तर खेळ' एवढंच धरलं तरी तो ३.४५ टक्केच होतो. पाचशेच्या अँटेवर फरक चाळीस पैशांचा! पानं न बघता ब्लाइंड खेळणाऱ्यांना मात्र ७.६५ टक्क्यांचा फटका बसतो, तेव्हा ते अजिबात करू नका. पण सहा की पाच यावर घाम गाळण्यापेक्षा बसण्याआधी कापड वाचा. चाळीस पैसे वाचवायला आपण तक्ते पाठ करतो आणि पंचवीस रुपये शेजारच्या पेअर प्लसच्या वर्तुळात ठेवून मोकळे होतो, याची मला खरंच चीड येते.

कराचंही बघा. चिप घेतानाच्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. जिंकलेल्या चिपा पुन्हा लावल्या तर त्यावर तो लागत नाही. त्यामुळे थोड्या थोड्या चिपा घेऊन त्याच फिरवणं मला परवडतं. काउंटरवरची पावती नीट वाचून घ्या.

माझ्यापुरतं ठरलंय: अँटे लावतो, आणि कलरला ३ असेल तर पेअर प्लसला हात लावत नाही. अँटे बोनसचा (मोठ्या हाताला अँटेवर मिळणारे जादा पैसे) तक्ताही तपासतो. सिक्वेन्सला १, ट्रेलला ४, प्युअरला ५ असेल तरच वरचे ३.३७ खरे, त्यातही कात्री लावली असेल तर मी टेबल बदलतो. मांडवीतल्या कुठल्या बोटीवर अजून कलरला ४ देत असतील तर कृपया कळवा. तक्त्याचा फोटो टाकलात तर फारच बरं.