गॉली : रूल ९० बघायचा तर यातच बघा

गॉली हे सेल्युलर ऑटोमेटाचं (जाळीतला प्रत्येक चौकोन, म्हणजे सेल, शेजाऱ्यांकडे बघून ठरलेल्या नियमाने बदलतो, त्याचं) फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. बहुतेक लोक ते कॉनवेच्या गेम ऑफ लाइफसाठी घेतात पण मला त्यातले एका ओळीचे शून्य-एकवाले नियम जास्त आवडतात. त्यातलाच एक रूल ९०, नियमाच्या जागी डब्ल्यू आणि ९० टाका, एकच सेल भरा आणि चालू करा. नियम इतकाच, डावा-उजवा शेजारी वेगळे असले तर १ (भरलेला), सारखे असले तर ० (रिकामा). प्रत्येक पिढी खालच्या ओळीत उतरते आणि त्रिकोणात त्रिकोण, त्यात परत तोच त्रिकोण बनत जातो. ६४व्या पिढीला अख्ख्या ओळीत दोनच १ उरतात आणि त्या दोघांपासून वरचीच आकृती जशीच्या तशी परत सुरू होते, अंगावर काटा येतो राव! लोकसंख्येचा, म्हणजे सगळ्या ओळींतल्या मिळून १ चा आकडा दिसतो तो पण बघा, ७व्या पिढीला २७, १५व्याला ८१, ३१व्याला २४३, म्हणजे ओळी दुप्पट झाल्या की १ तिप्पट (पहिली ओळ शून्यावी पिढी, म्हणून ७व्याला ८ ओळी, १५व्याला १६). हलायुधाने दहाव्या शतकात समजावलेल्या मेरुप्रस्तारातले (म्हणजे पास्कलच्या त्रिकोणातले) विषम आकडे रंगवले तरी हेच त्रिकोण दिसतात.

खरी मजा हॅशलाइफमध्ये आहे, म्हणजे गॉलीत पिढ्या काढायच्या एका पद्धतीत. बिल गॉस्परचा १९८४चा अल्गोरिदम, सारखे दिसणारे चौकोन एकदाच साठवतो आणि त्यांचं पुढचं उत्तर पण एकदाच काढतो, त्यामुळे रूल ९० सुसाट पळतो कारण त्यात नवीन काही नसतंच, सगळं आधीचंच मोठं होऊन येतं. मग रूल ३० लावा, त्याची आकृती अस्ताव्यस्त असते, वेग पडतो, मेमरी भरत जाते. म्हणजे पॅटर्नमध्ये किती पुनरावृत्ती आहे याचा अंदाज नुसत्या वेगावरून येतो, मला यातली ही गोष्ट सगळ्यात भारी वाटली. अर्थात वेग हा पुरावा नाही, रूल ३०चा मधला कॉलम (पहिल्या सेलच्या सरळ खालचा) कधीतरी आवर्ती होतो, म्हणजे तेच तेच आकडे परत येऊ लागतात का, यावर या नियमांना नंबर देणाऱ्या वोल्फ्रामने २०१९ला बक्षीस लावलंय.

कमी काय, तर एका ओळीच्या नियमांत फक्त सम नंबरचे चालतात, आणि मधल्या कॉलमचे बिट्स (०-१) हवे असले तर लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहून एकेक सेल वाचावा लागतो. कॉलेजच्या पोरांना जमेल. पाचपैकी साडेचार, आणि रूल ३०ला हॅशलाइफऐवजी गॉलीतलीच दुसरी पद्धत, क्विकलाइफ वापरा.