भंगारातला बंब, सात महिन्यांनंतर: तोटी खाली लावू नका

बंब म्हणजे मधल्या नळकांड्यात जाळ आणि भोवतीच्या पिंपात अंघोळीचं पाणी; त्याहून जास्त सांगत बसत नाही. पाच माणसांच्या घरासाठी भंगारातून केलेला हा बंब जूनपासून रोज पेटतोय. अर्धा किलो वाळक्या लाकडात २४ लिटर पाणी तीसेक अंशांनी तापतं. तुराट्या, करवंट्या, मक्याची बुरकुंडं, सगळं चालतं. जाळ, धूर, राख यांबद्दल काही म्हणणं नाही. जीव खाल्ला तो तोटीने.

आधी मापं. बाहेरचं पिंप ३०० मिमी व्यासाचं आणि ४५० मिमी उंच, हॉटेलची टेबलं बनवणाऱ्याकडच्या उरलेल्या १.२ मिमी स्टील पत्र्याचं. गोलाईला ९४२ मिमी लागतात; शिवणीसाठी १० मिमी जास्त कापा. मधलं नळकांडं ४ इंची काळ्या, म्हणजे मुलामा नसलेल्या लोखंडी पाइपचं, ६०० मिमी लांब, म्हणजे झाकणाच्या वर १५० मिमी राहतं आणि ओढ चांगली बसते. भंगारात जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप सरळ आणि स्वस्त मिळतो, पण तो घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. पत्र्याला चुंबक चिकटत नाही म्हणून तो ३०४, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील आहे, असं भंगारवाले ठासून सांगतात. २०२ या हलक्या प्रतीलाही चिकटत नाही. स्टीलच्या तळाला लोखंडी नळकांडं जोडताना वेल्डिंगचा ३०९ एल रॉडच मागा. साध्या रॉडची शिवण ठिसूळ होते. वरचं झाकण मात्र नुसतं ठेवायचं, नळकांड्याभोवती २ मिमी फट सोडून. बंब कुठूनही हवाबंद करायचा नाही.

आता तोटी. पहिल्यांदा ती सगळे लावतात तिथेच लावली, अगदी तळालगत, अर्धा इंची. गरम पाणी वर चढतं, त्यामुळे पहिली बादली कोमट यायची. ते चाललं असतं. पण खालच्या तोटीने बंब रिकामा होतो, आणि जाळीवर निखारे असताना रिकामा झाला की तळाची शिवण कोरडी तापते. त्यावर कुणी गार पाण्याची बादली ओतली की शिवण तडकते. ऑगस्टमध्ये तेच झालं. फॅब्रिकेटरने दोनदा वरून टाका मारला आणि दोन्ही वेळा 'जाळ जास्त घालता' म्हणून पैसे घेतले. तिसऱ्यांदा पुन्हा तिथेच गळलं. दोष जाळाचा नव्हता, तोटीच्या जागेचा होता.

मग जुनी शिवण घासून नव्याने मारली, खालचं भोक बंद केलं आणि ४०० मिमी उंचीवर १ इंची सॉकेट बसवला. त्याला तोटी नाही, नुसतं उघडं तोंड. गार पाणी ओतायच्या नरसाळ्याला पाऊण इंची नळी जोडून ती तळाच्या ३० मिमी वरपर्यंत नेली, टोक बंद केलं आणि बाजूला ८ मिमीची सहा भोकं पाडली, म्हणजे गार पाण्याची धार सरळ खाली आपटून गरम पाण्यात मिसळत नाही. गार पाणी ओतलं की तेवढंच कढत पाणी वरून घंगाळात पडतं. तोटी नसलेला बंब अर्धवट वाटेल, असं आधी मनात होतं. आज उलट मत आहे: रिकामा होऊच न शकणारा बंब हाच पुरा बंब. बाहेरचं तोंड नरसाळ्याच्या नळीपेक्षा मोठंच हवं, नाहीतर घाईने ओतलेलं पाणी झाकणाखालून बाहेर येतं.

तापताना तोंडातून थेंब गळतात. ती गळती नाही. २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत २४ लिटर पाणी फुगून अर्ध्या लिटरहून जास्त वाढतं. खाली तांब्या ठेवा. तो भरत आला की अंघोळीला हाक मारायची. तिथे तोटी लावून गळणं थांबवायला जाऊ नका.

तळाला अर्धा इंची बुच मात्र ठेवा, पान्याशिवाय न निघणारं. बोअरचं पाणी असेल तर दोन महिन्यांनी क्षार काढावे लागतात. जाळ पूर्ण विझवून, बंब रिकामा करून, पाच लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ते आत ओता आणि अर्ध्या तासात धुऊन टाका. जास्त वेळ ठेवलं तर लोखंड खातं. जाळीला १० मिमीची सळई घ्या. ८ मिमीची जळून बारीक झाली आणि मधे वाकली.

बंब उघड्यावर किंवा पडवीतच पेटवा. बंद न्हाणीघरात निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.

माझी एक चूक अजून तशीच आहे. स्टीलच्या पिंपात लोखंडी नळकांडं लवकर गंजतं, रात्रभर पाणी राहिलं की सकाळची पहिली धार तांबूस येते आणि पांढऱ्या पंचाला डाग पडतात. हा बंब जाईल तो इथूनच. दूध डेअरीच्या भंगारात ४ इंची स्टील पाइप मिळतो. ७०० मिमीचा तुकडा सांगून ठेवलाय.