क्लासडोजो: पॉइंट बाजूला ठेवून वापरलं तर कामाचं

क्लासडोजो हे शिक्षकांसाठीचं वर्ग सांभाळायचं ॲप २०११मध्ये आलं आणि त्याची ओळख झाली ती पॉइंटमुळे. प्रत्येक मुलाच्या नावावर एक रंगीत छोटा राक्षस असतो. त्यावर टॅप करायचं, चांगल्या वागण्याचे पॉइंट द्यायचे, वाईटाचे कापायचे. वर्ग शांत ठेवायला हे चालतं. मुलांशी नातं जोडायला म्हणून घेणार असाल, तर मात्र यातलं बरंच काही बंद करूनच वापरा.

पहिले जाऊ द्या ते वजा पॉइंट. ज्या वागण्यासाठी पॉइंट कापले जातात, ते सेटिंगमधल्या यादीतून काढून टाकता येतं. मोठ्या स्क्रीनवर नावापुढचा आकडा घसरला की वर्गाला चिडवायला निमित्त मिळतं, आणि ते मूल त्या दिवशी तुमच्याजवळ फिरकत नाही. शिवाय हे पॉइंट बहुधा त्याच तीन-चार जणांना बसतात. म्हणजे ज्यांना शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याशीच आपलं बोलणं नुसतं टोकण्यापुरतं उरतं.

चांगल्या वागण्याचे पॉइंटही जपूनच. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रांची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती चित्रं कमी काढू लागली. ज्यांना न सांगता दिलं, त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा 'गप्प बसलात तर पाच' अशी बोली लावू नका.

मेसेजची सोय मात्र उत्तम. आपला फोन नंबर न देता पालकांशी बोलता येतं, भाषांतरही होतं. सत्राच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक घरी एक चांगला निरोप जाऊ द्या, तक्रारीच्या आधी. 'हुशार आहे' एवढ्याने भागत नाही. 'गटाचं गणित अडलं तेव्हा तिने स्वतःची मांडणी खोडून दुसरी सुचवली' असं लिहिलं, की पालकांनाही कळतं, हे आपल्याच मुलीबद्दल आहे.

कोणाला किती पॉइंट मिळाले हे दाखवणाऱ्या ॲपमधल्या अहवालाचा खरा उपयोग उलट्या बाजूने होतो: आठवडाभरात कोणाच्या नावावर एकही नोंद नाही ते पाहा. ही ना त्रास देणारी, ना चमकणारी मुलं. त्यांतलं एक निवडा आणि सलग दहा शाळेचे दिवस, रोज दोन मिनिटं, अभ्यास सोडून कशावरही बोला. सुरुवातीला नुसतं 'हं' ऐकू येईल, आणि बरेच शिक्षक तिथेच सोडून देतात. प्रश्नांची सरबत्ती नको, मित्रांसमोर नको, आणि त्या दिवशी मुलाने गृहपाठ आणला नाही म्हणून ती दोन मिनिटं रद्द करणं तर मुळीच नको. यासाठी ॲपमध्ये बटण नाही, हे बरंच आहे म्हणा.

नोंदी तास संपल्यावर करा. शिकवताना फोन हातात राहिला की नजर मुलांवरून स्क्रीनवर जाते आणि मुलं ते लगेच हेरतात.