ल पेन बाप-लेक: प्रबंधासाठी कोणाला घ्यावं?

युरोपातल्या अतिउजव्या राजकारणावर एम.ए.चा प्रबंध लिहायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी फ्रान्सवर येऊन थांबते. मग प्रश्न उरतो, ज्याँ-मारी ल पेन की त्यांची मुलगी मरीन? दोघांना एकाच प्रबंधात कोंबायला जाऊ नका, कोणालाच न्याय मिळत नाही.

वडिलांची कारकीर्द पूर्ण झालेली आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी ९६व्या वर्षी ते वारले. १९५६ साली, जेमतेम २७ वर्षांचे असताना, पुजाद यांच्या छोट्या दुकानदारांच्या चळवळीतून ते संसदेत पोचले. पुढे अल्जीरियाच्या युद्धात पॅराट्रूपर म्हणून गेले आणि तिथे कैद्यांचा छळ केल्याच्या आरोपांनी शेवटपर्यंत त्यांची पाठ सोडली नाही. १९७२ मध्ये त्यांचा पक्ष, नॅशनल फ्रंट, स्थापन झाला. १९७४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांना एक टक्काही मतं पडली नाहीत.

अभ्यासकाला खरा ऐवज मिळतो तो १९८६ आणि १९८८ मध्ये. तेव्हाचे अध्यक्ष मित्तराँ यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात जागा) आणलं आणि १९८६ मध्ये पक्षाचे ३५ खासदार निवडून आले. दोन वर्षांनी, एका मतदारसंघातून एकच विजेता, ही जुनी पद्धत परत आली. मतांची टक्केवारी जवळपास तीच राहिली, खासदार मात्र एकच उरला. निवडणूक पद्धत हा तुमचा विषय असेल तर वडिलांनाच घ्या.

त्यांचे वाद बहुतांशी तोंडातून निघालेले. सप्टेंबर १९८७ मध्ये रेडिओवरच्या मुलाखतीत त्यांनी नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासातला एक तपशील म्हटलं. न्यायालयांनी दंड केला, तरी पुढे पुन्हा तेच बोलले. प्रबंधात अशा विधानाला ‘बेधडक’ किंवा नुसतं ‘वादग्रस्त’ म्हणून पुढे जाऊ नका. ज्यूंच्या संहाराला किरकोळ ठरवणं हे काय आहे, ते स्पष्ट शब्दांत लिहा. २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत समाजवादी पंतप्रधान जोस्पँ यांना मागे टाकून ते दुसऱ्या फेरीत गेले, तेव्हा देश हादरला. १ मे रोजी लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि दुसऱ्या फेरीत तेव्हाचे अध्यक्ष शिराक यांना ८२ टक्के मतं मिळाली.

मरीन यांनी २०११ मध्ये पक्ष हाती घेतला, २०१५ मध्ये वडिलांनाच पक्षाबाहेर काढलं आणि २०१८ मध्ये नाव बदलून नॅशनल रॅली केलं. २०१७ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी दूरदर्शनवरील वादचर्चेत, समोरच्या कागदांमध्ये शोधाशोध करत, त्यांनी दोन कंपन्यांच्या व्यवहारांची गल्लत केली. प्रतिस्पर्धी मॅक्राँ यांनी तिथल्या तिथे चूक दाखवली. त्या वेळी मरीन यांना दुसऱ्या फेरीत ३४ टक्के मतं, २०२२ मध्ये ४१ टक्क्यांहून अधिक. वडील २००२ मध्ये १८ टक्क्यांच्या आत अडकले होते.

मुलीचे वाद कागदोपत्री आहेत. युरोपीय संसदेच्या पैशातून सहाय्यकांना पगार द्यायचा आणि काम पक्षाचं करून घ्यायचं, या प्रकरणात ३१ मार्च २०२५ रोजी पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. चार वर्षांची कैद (त्यातली दोन स्थगित), एक लाख युरो दंड आणि निवडणूक लढवायला पाच वर्षांची बंदी, तीही तात्काळ लागू. त्यांनी अपील केलं. वडीलही याच प्रकरणात आरोपी होते, पण प्रकृतीमुळे त्यांच्यावर खटला चालला नाही.

माझं मत विचाराल तर मरीन यांना घ्या. वडिलांनी दंगा केला, पण फ्रेंच संसदेत सरकार पाडण्याइतकं बळ त्यांना कधीच मिळालं नाही. मुलीच्या पक्षाने डिसेंबर २०२४ मध्ये डाव्यांच्या अविश्वास ठरावाला मतं दिली आणि पंतप्रधान बार्निए यांचं सरकार कोसळलं. अतिउजवा पक्ष संसदेत प्रत्यक्ष सत्ता कशी वापरतो, हे इथे तारीखवार दिसतं.

फक्त एक सांभाळा. पक्ष मवाळ झाला, हा त्यांचाच प्रचार आहे. तो निष्कर्ष म्हणून उचलू नका. नोकऱ्या, घरं, भत्ते आधी फ्रेंच नागरिकांना, ही वडिलांची मागणी मुलीच्या २०२२ च्या जाहीरनाम्यातही होती. दोन्ही काळांतले जाहीरनामे आणि २०२५ चा निकाल मुळातून वाचायचे तर फ्रेंच लागेल. ती येत नसेल आणि मुदत सहा महिन्यांची असेल, तर वडिलांवरच लिहा. त्यांच्याबद्दल इंग्रजीत भरपूर साहित्य आहे आणि प्रबंध अर्ध्यात असताना नवा निकाल येऊन प्रकरणं पुन्हा लिहावी लागणार नाहीत.