डॅशबोर्ड हिरवागार, मशीन बंद: मेंटेनन्स सॉफ्टवेअर घेताना होणारी फसवणूक

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीन शॉपवाल्यांना मेंटेनन्स सॉफ्टवेअर विकणारे बरेच फिरतात. सगळेच लबाड नसतात. पण यातला एक प्रकार असा आहे की पैसे देऊन सहा महिने झाले तरी आपण फसलोय हे लक्षात येत नाही, कारण स्क्रीनवर सगळं उत्तम चाललेलं दिसतं.

गळ टाकायची वेळ ठरलेली असते: आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहनउद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं, ऑडिट तोंडावर आलं की. त्यातलं कलम ८.५.१.५ एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी वेळ), एमटीटीआर (दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ), ओईई (मशीनची एकूण कार्यक्षमता) आणि ठरलेल्या पीएमपैकी, म्हणजे बिघाडाआधीच करायच्या देखभालीपैकी, किती झाले याचे आकडे मागतं. हस्तलिखित ब्रेकडाऊन रजिस्टरमधून ते काढायचे म्हणजे डोकेदुखी. तिथे विक्रेता सांगतो, ‘ऑडिटचं टेन्शन आमच्यावर सोडा.’ लायसन्स लाइफटाइम, मशीन कितीही, स्क्रीन मराठी आणि कन्नड दोन्हींत, आणि बहुतेक रक्कम ॲडव्हान्स.

मग दर महिन्याला पीएम शंभर टक्के दिसू लागतात. ज्या कारखान्यात डिस्पॅचच्या आठवड्यात मशीन पीएमला मिळत नाही, तिथे शंभर टक्के? इथेच शंका यायला हवी. बंद झालेल्या वर्क ऑर्डर (एकेका कामाच्या नोंदी) एकेक करून उघडल्या की खेळ कळतो. बंद झाल्याची वेळ सगळ्यांवर रात्री २३:५९. काम कुणी केलं, तर ‘ॲडमिन’. फिटरचं नाव नाही, लागलेला वेळ नाही, स्पेअरचा रकाना कोरा. मुदत टळलेली प्रत्येक वर्क ऑर्डर सिस्टीम रात्री आपोआप बंद करत असते. इकडे स्टोअरच्या रजिस्टरवर शॉट ब्लास्टिंग मशीनच्या (कास्टिंगवर छर्रे मारून ते साफ करणाऱ्या) बकेट एलिव्हेटरचं बेअरिंग इश्यू झालेलं, आणि सॉफ्टवेअरात त्या मशीनला महिनाभर एकही ब्रेकडाऊन नाही. जाणता ऑडिटर हे दोन कागद शेजारी ठेवतो आणि तिथेच नॉन-कन्फॉर्मिटी (मानक पाळलं नसल्याचा शेरा) लिहितो.

चेकलिस्ट तर त्याहून वाईट. एकच साचा सगळ्या मशीनना चिकटवलेला असतो. इंडक्शन फर्नेसच्या (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या) नावाखाली ‘व्ही-बेल्टचा ताण तपासा’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते लिहिणाऱ्याने भट्टी कधी पाहिलेलीच नाही असं खुशाल समजा. भट्टीला हवं ते वेगळंच: कूलिंग वॉटरची कंडक्टिव्हिटी, होसची गळती, लायनिंगची (आतल्या अस्तराची) झीज, ग्राउंड लीकेज डिटेक्टरची चाचणी. लायनिंग झिजून वितळलेला धातू आतून पाणी फिरणाऱ्या कॉइलपर्यंत पोचला आणि पाण्याला भिडला तर स्फोट होतो. म्हणून हे प्रकरण पैशांच्या नुकसानावर थांबत नाही.

दुसरी मेख रनिंग अवर्सची. शॉट ब्लास्टिंगची ब्लेड, स्क्रू कॉम्प्रेसरचं तेल आणि सेपरेटर तासांवर झिजतात, तारखेवर नाही. फसव्या पॅकेजात तासांचा रकानाच नसतो, किंवा असला तरी त्यावरून वर्क ऑर्डर निघत नाही.

आकडे फुगवण्याची युक्तीही ठरलेली. समजा मशीन दोन शिफ्टमध्ये १६ तास, महिन्याला २६ दिवस चालतं, म्हणजे ४१६ तास. चार ब्रेकडाऊन, मिळून १६ तास बंद. खरा एमटीबीएफ ४०० भागिले ४, म्हणजे १०० तास. एमटीटीआर ४ तास. सॉफ्टवेअर मात्र ३० दिवसांचे ७२० तास धरून १८० दाखवतं. मालक खूश, मेंटेनन्सवाला गप्प.

डेमोला विक्रेत्याचा तयार डेटा बघू नका. आपलं एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) आणि एक फर्नेस घालायला लावा. कालच्या मुदतीची एक वर्क ऑर्डर उघडा, तिला कुणीही हात लावू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा. ती लाल, म्हणजे मुदत टळलेली, दिसली पाहिजे. मग मागची तारीख घालून ती बंद करून पाहा. कुणी, कधी बदल केला याची नोंद लॉगमध्ये उरली पाहिजे. फोन घेऊन मेल्टिंग शेडमध्ये जा, कारण पत्र्याखाली रेंज जाते, आणि ऑफलाइन काम सेव्ह होत नसेल तर फिटर दोन दिवसांत पुन्हा वहीकडे वळतो. भाषेचंही तिथेच बघा. डेमोत मराठी-कन्नड बटणं दिसतात, हातात येतं ते नुसतं इंग्रजी.

सगळ्यात महागात पडतो तो डेटा. मशीनची यादी, बेअरिंग नंबर, दोन वर्षांचा इतिहास सगळा विक्रेत्याच्या खात्यावरच्या क्लाउडवर, ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडे, आणि बाहेर काढायचं म्हटलं तर फक्त पीडीएफ. मग दुसऱ्या वर्षी ‘लाइफटाइम फक्त लायसन्सचं होतं, सर्व्हर चार्ज वेगळा’ असं बिल येतं. सर्व्हर, बॅकअप, सपोर्ट यांचे दर आधीच लेखी घ्या, होस्टिंग खातं कारखान्याच्या नावावर ठेवा, आणि पूर्ण डेटा एक्सेलमध्ये काढून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. तीस-तीस टक्क्यांचे हप्ते पाडले तरी चालतील. मोठा हिस्सा मात्र पीएम खऱ्या फिटरच्या लॉगिनने बंद होऊ लागल्यावरच द्या.

सीमाभागातली आणखी एक गोष्ट. पुण्या-कोल्हापूरचा विक्रेता असेल तर त्याचा जीएसटी नंबर २७ ने सुरू होतो, आपला २९ ने. अशा बिलावर १८ टक्के आयजीएसटी लागतो. ९ अधिक ९ अशी फोड करून बिल दिलं असेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट अडकतं. जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या मासिक विवरणात) बिल दिसेपर्यंत कराची रक्कम रोखून धरा. करारात वाद कुठल्या कोर्टात जाईल तेही वाचा. बेळगाव नसेल तर दर तारखेला पुणे गाठावं लागेल. ग्राहक आयोगाच्या भरवशावर राहू नका, व्यावसायिक वापरासाठी घेतलेली सेवा तिथे बहुधा बसत नाही.

आधीच अडकला असाल तर भांडण काढण्याआधी लॉगिन चालू आहे तोवर डेटा उतरवून घ्या. एक्सेल मिळत नसेल तर मशीनवार इतिहासाचे स्क्रीनशॉट, ॲसेट यादी आणि २३:५९ वाल्या वर्क ऑर्डरचे प्रिंट काढून ठेवा. नोटीस त्यानंतर पाठवा, कारण नोटीस पोचली की पहिल्यांदा बंद होतो तो पासवर्ड.